न भरलेलं वर्ष

मोनाली दोंडाईच्याच्या स्टेशनावर उतरली तेव्हा तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. सकाळी सहाला जळगावात रात्रपाळी संपवून ती हॉस्पिटलच्या जिन्यात चपला बदलत होती, तेवढ्यात शेजारच्या तानुबाईचा फोन आला की बाबा गेला, झोपेतच गेला. त्यावर ती रडलीच असती. पण पाच मिनिटांत दुसरा फोन आला, चर्चचा कारभार बघणाऱ्या हेमराजभाऊंचा. "पोरी, फार वाईट झालं," भाऊ म्हणाले. "प्रभू तुला धीर देवो. आणि हे बघ, तू आल्यावर बोलूच, पण जागेचा जरा प्रश्न आहे."

जागेचा प्रश्न! अमळनेर गेलं, नरडाणा गेलं, शिंदखेडा गेलं, खिडकीतून मे महिन्याच्या झळा तोंडावर येत राहिल्या आणि मोनाली ते दोनच शब्द चावत बसली. कसला प्रश्न? बाबाची जागा ठरलेली होती. मिशनच्या कबरस्थानात, तिसऱ्या रांगेत, आईच्या डाव्या हाताला. ती जागा त्याने स्वतः सोडून ठेवली होती. एवढं एकच त्याने आयुष्यात मागितलं होतं, की मला दिवालीच्या बाजूला ठेवा. आणि त्या कबरस्थानात कोणाला कुठे जागा आहे हे त्याच्याहून जास्त माहीत असलेला माणूस गावात नव्हता.

कारण तिथली पस्तीस वर्षांतली एकूण एक कबर त्यानेच खणलेली होती.

बाबाचं नाव बिजला. शिरपूरच्या पलीकडचा, सातपुड्याच्या पायथ्याचा. तरुणपणी कापूस वेचायला टोळीबरोबर खाली आला, मिशनच्या शाळेत स्वयंपाक करणाऱ्या दिवालीबाईशी त्याचं जुळलं आणि तो इथलाच होऊन गेला. दिवालीबाई ख्रिस्ती, बिजला नव्हता. लग्नानंतर वर्षभरात चर्चच्या मंडळीतला कोणी म्हातारा वारला आणि ऐन उन्हाळ्यात खणायला माणूस मिळेना, तेव्हा बिजला पहार खांद्यावर टाकून गेला. त्यानंतर पस्तीस वर्षं दुसरं कोणी गेलं नाही. वर दोन हात काळी माती, खाली मुरूम. पहार आपटली की ठिणगी उडावी असली ती जमीन. बिजलाने कधी काही मागितलं नाही, आणि त्याला काही द्यावं असं कोणाच्या मनातही आलं नाही.

आता या मंडळीत एक नियम आहे. कोणी केला, कधी केला, कोणालाच सांगता येत नाही, पण आहे. पिणाऱ्या माणसाला बाप्तिस्मा हवा असेल तर त्याने आधी पुरतं एक वर्ष कोरडं राहून दाखवायचं. त्याला वर्ष धरणं म्हणतात. मधे एक घोट जरी पोटात गेला तरी वर्ष मोडलं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आणि याच मंडळीत दर रविवारी, न चुकता, पुलपिटावरून सांगितलं जातं की तारण, म्हणजे पापातून सुटका, कमावता येत नाही, चांगल्या कामांनी ते विकत मिळत नाही, ते देवाचं देणं आहे, भरवसा ठेवा आणि हात पुढे करा. बिजला बाहेरच्या पायरीवर बसून हे ऐकायचा. आत येऊ नको असं त्याला कोणी म्हटलं नव्हतं, आणि ये असंही कोणी म्हटलं नव्हतं. त्याला विचारलं तर म्हणायचा, "मी आजून त्या लायकना नही."

वर्ष त्याने किती वेळा धरलं असेल! सहा महिने, आठ महिने, एकदा तर अकरा. मोठ्या माणसाची कबर खणली की तो घरी येई, अंगावर पाणी घेई, जेवी, झोपे. पण मंडळीत कोणाचं लहान लेकरू गेलं की संपलं. दोन हातांचा खड्डा खणणं म्हणजे काय, हे ज्याने खणला त्यालाच कळेल. त्या संध्याकाळी तो मोहाची पिऊन येई आणि ओट्यावर पडून राही. दुसऱ्या दिवशी चर्चचे पंच मान हलवत, की बिजलाचं काही खरं नाही. त्यांचीच पोरं पुरता पुरता त्याचं वर्ष कधी भरलंच नाही, हे एकाच्याही ध्यानात येऊ नये? मोनालीला आज गाडीत बसून ते पहिल्यांदा इतकं लख्ख दिसलं, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

ती वस्तीवर पोचली तेव्हा अकरा वाजून गेले होते. अंगणात निंबाखाली गोधडीवर बिजला निजवलेला, उशाला तानुबाई सुपाने वारा घालत बसलेली. मंडळीतली माणसं समोरच्या मिशनच्या फाटकापाशी घोळका करून उभी होती. एकाच्याही हातात कुदळ नव्हती.

"उनी का माय," तानुबाई म्हणाली. "रातले चांगला जेवना, हासना, आन सकायले उठनाच नही."

"खड्डा कोण खंदी ऱ्हायनं, अक्का?"

"कोनीच नही. हेमराज म्हणे, थांबा. ऊन तं थांबत नही ना पोरी." तानुबाईने सूप खाली ठेवलं आणि फाटकाकडे बघत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आते दहा महिना व्हयनात, त्यानी थेंब लिधा नही. नाताळना पहिले ते धाकलं लेकरू पुरं ना, तवय बी नही. मना वट्टावर दिनभर बशी ऱ्हायना, हात कापे त्याना. मी म्हणं, घे रे घोटभर, कोण देखस? म्हणे, नही अक्का."

मोनालीने बाबाच्या तोंडावरची चादर बाजूला केली. दाढी कोणीतरी नीट केली होती. तिने चादर परत ओढली आणि तडक चर्चकडे चालू लागली.

चर्चच्या व्हरांड्यात हेमराजभाऊ खुर्चीवर बसले होते, शेजारी चर्चचे पाळक कुंदन उभे. हेमराजभाऊ शाळेचे जुने हेडमास्तर, आता पंच कमिटीचे सेक्रेटरी. मोनालीला बाराखडी त्यांनीच शिकवली, आणि नर्सिंगचा फॉर्म भरायला धुळ्याला तेच घेऊन गेले होते. माणूस वाईट असता तर तिला सोपं गेलं असतं. पाळक कुंदन नवापूरकडचे, तिशीचे, इथे येऊन आठ महिने झालेले. ते सारखे रुमालाने मान पुसत होते.

"बस पोरी," हेमराजभाऊ म्हणाले. त्यांचे डोळे खरंच ओले होते. "दोनच महिने राहिले होते ग. जुलैत वर्ष भरत होतं. त्याच्या बाप्तिस्म्याला मी पहिला उभा राहिलो असतो."

"म्हणजे जुलैत मेला असता तर चाललं असतं?"

"असं बोलू नये."

"मग कसं बोलू? शिकवा तुम्हीच. आजवर तुम्हीच शिकवलंय."

"हे बघ, कबरस्थान सभासदांचं आहे. बाप्तिस्मा नाही तर सभासद नाही. आज एकाला सूट दिली की उद्या दहा जण येतात. मी सरपंचांशी बोललोय, गावाच्या मसणवटीत चांगली जागा देतात. आपण सगळे जाऊ, तिथे प्रार्थना करू, गायन म्हणू. काही कमी पडू देणार नाही."

"आई इथे आणि तो नाल्यापलीकडे?"

हेमराजभाऊंनी हात जोडले. जोडलेले ते हात बघून मोनालीचा उरलासुरला संयम सुटला.

"दीपक ठेकेदाराला कुठला नियम लावला होता हो?" तिचा आवाज फाटकापर्यंत गेला. घोळका हळूहळू सरकत जवळ आला. "बायकोला मारून मारून डाव्या कानाने बहिरी केली त्याने. मरेपर्यंत रोज पीत होता. त्याला पहिल्या रांगेत जागा, वर संगमरवरी क्रूस! का, तर पाळण्यात असताना त्याच्या कपाळाला बाप्तिस्म्याचं पाणी लागलं होतं. त्याची कबर कोणी खणली? माझ्या बाबाने. तुमच्या आईची कोणी खणली, भाऊ? करोनात सगळे दारं लावून बसले होते, तेव्हा आठवड्यात पाच कोणी खणल्या? पस्तीस वर्षं तुमची मढी मातीआड केली या माणसाने. तुमच्यापैकी एकाने तरी एवढं केलंय का? त्याच्या चपलेची तरी लायकी आहे का तुमची?"

"ताई," पाळक कुंदन हळूच म्हणाले, "कामांवर जाऊ नका. कामांनी तर कोणाचंच..."

"हां! बोललात!" ती त्यांच्याकडे गर्रकन वळली. "कामांनी काही होत नाही ना? मग वर्षभर कोरडं राहणं हे काय आहे? ते काम नाही? ते करून दाखवल्याशिवाय देवाच्या दारात घेत नाही, आणि आत उभं राहून सांगता की फुकट आहे! दर रविवारी सांगता! तो पायरीवर बसून ऐकत होता हो, बहिरा नव्हता. एका कानाने ऐकायचा की देणं आहे, आणि दुसऱ्या कानाने ऐकायचा की आधी कमव. आणि बिचारा कमवत बसला. तुमच्या कबरी खणत बसला, की आज नाही तर उद्या आपण लायक होऊ. तुम्हाला बरंच होतं ते! आत घेतला असता तर पहार कोणी उचलली असती? पस्तीस वर्षांत एक माणूस, एक तरी माणूस उठून त्या पायरीवर गेला का, की बिजला, तुला काही करायचं नाही रे, आत ये?"

हेमराजभाऊंनी चष्मा काढला आणि तो धोतराच्या सोग्याने पुसत राहिले. मोनालीला वाटलं, जिंकलं. आता हे उठतील.

"मी गेलो होतो," पाळक कुंदन म्हणाले.

"काय?"

"मी सांगितलं होतं त्यांना. दोनदा. एकदा नाताळच्या आठवड्यात, ते बाळ पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. आणि मागच्या महिन्यात पुन्हा. म्हटलं, बिजलाबाबा, वर्षाबिर्षाचं सोडून द्या. तुमचा येशूवर भरवसा आहे का? म्हणाले, शे. म्हटलं, मग झालं तर, येत्या रविवारीच बाप्तिस्मा देतो, पंचांचं मी बघून घेतो. तर ते..." ते थांबले.

"तर ते काय?"

"राहू द्या ताई."

"काय म्हणाला माझा बाबा?"

पाळकांनी मान खाली घातली. "म्हणाले, नही साहेब. मनी पोरनी सांगेल शे. वर्ष भरीसनच लिसू."

वर्ष भरूनच घे, हे त्याला मोनालीनेच सांगितलं होतं.

गेल्या जुलैत आई गेली. पाऊस कोसळत होता, खड्ड्यात पाणी भरत होतं आणि बिजला एकीकडे बादलीने पाणी उपसत दुसरीकडे खणत होता. बायकोची कबर त्याने कोणाला हात लावू दिली नाही. अकरा महिने झाले होते तेव्हा वर्षाला. अकरा! आणि त्या संध्याकाळी तो पिऊन आला. मोनाली रविवारच्या शाळेत मुलांना शिकवून मोठी झालेली, खोटं न बोलणारी, मंडळीत जिचं उदाहरण देतात अशी पोरगी. ती दारातच त्याच्यावर तुटून पडली होती. "माय मातीमा गई तेले दिन नही व्हयना, आन तू पिईसन उना? लाज शे का तुले?"

तिसऱ्या दिवशी हेमराजभाऊ प्रार्थनेला आले. जाता जाता त्यांनी सहज विचारलं, "बिजला बरा आहे ना? अकरा महिने झाले हो त्याचे." एवढंच. ती नुसतं हो म्हणाली असती तर ते पुढे काही विचारणार नव्हते. तिने सांगितलं, "मोडलं त्यांनी." बाबा कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. भाऊ गेल्यावर त्याने लहान पोरासारखं विचारलं, "मंग? आते परत धरू का?" आणि ती म्हणाली होती, "हा. परत. पहिलापासून. देवले फसाडानं नही." दुसऱ्या दिवशी जळगावच्या गाडीत बसल्यावर तिला स्वतःचा अभिमान वाटला होता. बापाचीही गय केली नाही, असा.

आता तो सगळा राग घेऊन ती व्हरांड्यात उभी होती आणि तो टाकायला जागा उरली नव्हती. हेमराजभाऊंनी एकदाच तिच्याकडे बघितलं. तूच तर सांगितलं होतंस, असं ते म्हणू शकत होते. ते म्हणाले नाहीत, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला. दुसऱ्या कोणी बाबाला सांगितलं नाही म्हणून ती इतका वेळ ओरडत होती. सांगायला माणूस आला होता. आणि बाबाने देवाचं देणं बाजूला सारलं ते पोरीचा शब्द राखायला. तिच्याच शब्दापायी तो दहा महिने थरथरत्या हातांनी बसून राहिला.

ती हेमराजभाऊंकडे वळली.

"भाऊ," ती म्हणाली, आणि आवाज आता फाटलेला होता, "मघाशी मी त्याच्या कबरी मोजून दाखवल्या ना तुम्हाला? तेही चूकच. त्या मोजून त्याला आत घ्यायचं, तर मग तुमच्यात आणि माझ्यात फरक काय? त्याने काही कमावलं नाही. मी नाही, तुम्ही नाही, तो दीपक नाही. त्याचा भरवसा होता, पाळक साक्षीला उभे आहेत. आता सांगा, कशाच्या बळावर त्याला बाहेर ठेवता?"

"मोनाली, नियम..."

"तो नियम मी पण चालवला, भाऊ. चांगला मन लावून चालवला. आता मी चालवत नाही." ती व्हरांड्याच्या पायऱ्या उतरली. "मी खड्डा खणायला चालले. थांबवायचं तर मला उचलून बाहेर टाका."

घरून तिने पहार आणि फावडं उचललं. कबरस्थानात आईच्या डाव्या हाताला जाऊन ओढणी कमरेला बांधली आणि पहिला घाव घातला. जमीन जागची हलली नाही. दुसरा घातला, तिसरा घातला. चौथ्या घावाला पाळक कुंदन बूट काढून तिच्याशेजारी येऊन उभे राहिले आणि त्यांनी फावडं हातात घेतलं.

"तुम्हाला काढतील इथून," ती म्हणाली.

"काढू देत. पंचांचं बघून घेतो म्हणालो त्यांना, आणि घाबरून बघितलंच नाही. ते नको म्हणाले तेव्हा मला बरंच वाटलं होतं, ताई. सुटलो म्हटलं."

तिने पुढचा घाव घातला. त्यांना काही म्हणण्याचा हक्क तिच्याकडे राहिला नव्हता.

दोघांनाही खणता येत नव्हतं. अख्ख्या मंडळीतच कोणाला येत नव्हतं; पस्तीस वर्षांत कोणाला शिकायची गरजच पडली नव्हती. गुडघाभर खोल जाईपर्यंत खड्डा खाली निमुळता झाला, एक बाजू ढासळली आणि पाळकांच्या तळहाताचे फोड फुटले. तानुबाई काठी टेकत आली आणि काठावर बसून ओरडायला लागली, "आरे रुंद धरा, रुंद! डोकाकडे जास्त. त्याले मी इतला साल देखेल शे, तुम्हले काही बी येत नही." दुपार कलल्यावर फाटकापासचे दोघे जण आत आले. त्यांनी मोनालीच्या हातातली पहार मागून घेतली. मग आणखी तिघे आले. येताना कोणी तिच्याकडे बघितलं नाही.

हेमराजभाऊ एकदा फाटकापर्यंत आले. "मला मीटिंग बोलवावी लागेल," ते म्हणाले.

"बोलवा," पाळक खड्ड्यातून म्हणाले.

भाऊ थोडा वेळ तिथेच उन्हात उभे राहिले, मग घरी गेले. ते परत आले नाहीत.

साडेपाचला शवपेटी आणली. वस्तीतल्या सुताराने दुपारीच फळ्या ठोकून ती केली होती. पाळकांनी मातीने भरलेल्या हातातच उपासनेच्या गीतांचं पुस्तक धरलं आणि गायनाचा आकडा सांगायला तोंड उघडलं, पण मोनालीने हात वर केला. तिने पेटीचं झाकण सरकवलं आणि ती गुडघ्यावर बसली. हॉस्पिटलात कमी ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्या पेशंटशी ती जशी बोलते, तशी बाबाच्या कानाशी तोंड नेऊन, मोठ्याने, एकेक शब्द तोडून बोलली.

"बाबा, मी तुले चुकीनं सांगं. वर्षबिर्ष काहीच नव्हतं. तुले काहीच करानं नव्हतं."

पाळकांनी पुस्तक मिटलं.

"आयकस का? काहीच करानं नव्हतं, बाबा. नुसतं हा म्हणानं व्हतं."

तिने पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा तर ती ओरडलीच, एखाद्या हट्टी पोराला रागवावं तशी. तानुबाईने तिचा दंड धरून तिला उठवायचा प्रयत्न केला, कारण माणसं झाकण घेऊन खोळंबली होती, पण ती कानाशी वाकूनच राहिली.